सातवा वाफा

अभ्यासक्रम कुठाय, असं कुणीतरी विचारलं.
इर्मेलिंडानं गोदामाच्या भिंतीकडे बोट दाखवलं:
खिळ्याला लटकवलेलं भरती-ओहोटीचं कोष्टक,
कडा तेलकट, मार्चपुढची पानं उंदरानं कुरतडलेली.
"एप्रिलचं काय?"
"एप्रिल बघून शिकायचा."

आम्ही अकरा जण आगरवाड्याच्या बांधावर,
प्रत्येकाच्या नावाला काही ना काही चिकटलेलं.
कुणी मांडणशिल्पं करणारा, कुणी अक्षरांचा,
एक जण तर नुसता आवाज गोळा करणारा,
आणि मी, एकोणीस वर्षं बिस्किटांचे पुडे सजवलेली.
लॅपटॉप तांदळाच्या रिकाम्या पिंपात गेले.
झाकण लागेना, म्हणून वर दगड.

पुरसो आला, एकाहत्तर वर्षांचा.
आम्ही आपापल्या कामांचे फोटो छापून आणले होते.
त्यानं खाली बघितलं, आमच्या पायांकडे,
बाजारात सुंगटं बघतात तसं.
"पयलीं पांय," म्हणाला.

तीन दिवस चिखल तुडवला.
टाच आधी, मग चवडा, मग पुन्हा तीच जागा,
जोवर वाफ्याचा तळ पाटीसारखा होत नाही तोवर.
आवाजवाल्या झुबेरनं चिखलात माईक पुरला.
चौथ्या दिवशी माईक मिठानं मेला.
झुबेर दुपारभर बोलला नाही,
मग म्हणाला, आत्ता कुठे ऐकू येतंय.
हे जरा जास्तच झालं, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

रात्री पेज, खाऱ्यातली तोरं, एक बल्ब,
आणि त्याखाली दिवसभराच्या कामाची चिरफाड.
नियम एकच:
'इंटरेस्टिंग' जो म्हणेल, भांडी त्याची.
गुरुवारपर्यंत मी दोनदा घासली होती.

सातवा वाफा माझा.
त्याच्या बांधाला मी एक वळण दिलं,
नदीकडे किंचित कललेलं,
बगळा मान वळवतो ना, तेवढंच.
दोन दिवस त्या वळणावर घालवले.
ओल्या हातानं गुळगुळीत केलं, लांबून पाहिलं,
उन्हात पाहिलं, फोटो काढायला फोन नाही म्हणून हळहळले.
पुरसो येऊन उभा राहिला, काही बोलला नाही.
मी ती शाबासकी धरली.

अमावास्येच्या उधाणात बांध फुटला.
पहाटे मी पळत गेले, मनात उत्तर तयार:
हो, माझी हौस, माझा हट्ट, नडलं वळण.
वळण जागच्या जागी होतं.
पाणी घुसलं होतं पलीकडून, सरळ भागातून,
जिथे मला कंटाळा आला होता.

"वळण बरें आशिल्लें," पुरसो म्हणाला,
आणि फावडं माझ्या हातात दिलं.

नंतरचे नऊ दिवस काहीच नाही.
म्हणजे खारं पाणी घेतलं, आणि बसलो.
मला राहवेना. कडेला बसून बोट बुडवायची,
साय धरली का, खडा झाला का.
त्याला लांबूनच कळायचं.
"उदक न्हिदूं दी गो बाये,
तुजें उदक अजून जागेंच."

प्रमाणपत्र नव्हतं. इर्मेलिंडानं निघताना
सातव्या वाफ्यातलं किलोभर मीठ बांधून दिलं,
करड्या रंगाचं, मातीचा कण असलेलं.
पुण्यात आईनं आमटीत टाकलं आणि म्हणाली,
कचकच लागते गं.

आता नवा पुडा आलाय, नाचणीच्या बिस्किटांचा.
समोरची बाजू एका दुपारीत झाली.
अडीच दिवस मी मागच्या बाजूवर आहे,
घटक, वजन, तक्रारीसाठी पत्ता,
बारकोडच्या शेजारची ती चिंचोळी पट्टी.
"अगं, ते कोण वाचतं?" भार्गवी विचारते.
मी मान डोलावते.
टेबलाखाली, चपला काढून,
टाच आधी, मग चवडा.